साखरेच्या बेटावर बिनसाखरेचा चहा

मॉरिशसहून परत आल्यापासून सुरतेच्या आमच्या बमरोलीत जो भेटतो तो एकच विचारतो, "समुद्र कसा आहे?" समुद्र चांगला आहे. निळा आहे, स्वच्छ आहे, आणि आपल्या डुमससारखी काळी वाळू तिथे नाही. पण मी काही समुद्र बघायला गेलो नव्हतो. मी लेकीसाठी घर बघायला गेलो होतो, आणि बापाच्या नजरेला समुद्र म्हणजे मध्ये आडवं आलेलं पाणी.

मुळापासून सांगतो. आम्ही अमळनेरकडचे. वडील कामासाठी सुरतेला आले, मी इथेच वाढलो, आणि पलसाण्याच्या बाजूला एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, रंगमास्तर झालो. तिथे मॉरिशसहून एक मुलगा काम शिकायला आला. नाव राजेन. त्याच्या घरी मराठी बोलतात असं कळल्यावर मालकांनी तो माझ्याच गळ्यात बांधला. त्याचा खापरपणजा कोकणातून उसाच्या कामाला जहाजात बसून तिकडे गेलेला. राजेनची मराठी ऐकून आमच्या घरात आधी हसू झालं आणि नंतर माया लागली. दर रविवारी तो जेवायला यायचा. ज्योती, माझी थोरली, बालवाडीत शिकवते. ती त्याचं बोलणं दुरुस्त करायची आणि तो मुद्दाम चुकायचा. सुरतेत प्लेगची घबराट उडाली तेव्हा आम्ही गावी निघालो, तर हाही पिशवी घेऊन बरोबर आला आणि तिकडे कळण्याची भाकरी न कुरकुरता खात राहिला.

काय चाललंय ते बायकोला माझ्या आधी कळलं. देशी परतण्यापूर्वी राजेनने समोर बसून सरळ विचारलं, "काका, ज्योतीला मागायला माझे आईवडील आले तर तुम्ही काय म्हणाल?" लपवाछपवी न करणाऱ्या माणसावर मला नीट रागावता येत नाही. म्हणालो, "घर बघितल्याशिवाय मी शब्द देत नाही." मनात म्हटलं, सुटलो. समुद्रापलीकडचं घर बघायला कोण जातंय?

पुढच्याच वर्षी मालकांचा तिथल्या एका गिरणीशी व्यवहार ठरला आणि रंग जुळवून द्यायला आठवडाभर मला पाठवायचं निघालं. ज्योती त्या दिवसापासून माझ्याशी फार शहाण्यासारखं वागू लागली. बायकोने माझे शर्ट बॅगेत घातले, काढले, परत घातले. शेवटी आमच्या अहिराणीत म्हणाली, "पोऱ्या चांगला शे. पन आंडेर इतली दूर गयी, आन तठे रडनी, तर आपलाले कोन सांगी?"

लेक तिकडे रडली तर आपल्याला कोण सांगणार.  याचं उत्तर शोधायला मी गेलो असं म्हटलं तरी चालेल.

आणखी एक गोष्ट बायकोने बजावून सांगितली, जरी ती मला ठाऊक होती. आमच्या नात्यागोत्यात मुलीसाठी घर बघायला गेलं की पाणी प्यायचं, तिखटमिठाचं खायचं, पण गोडाला हात लावायचा नाही आणि अंगावर घालायचं कापड घ्यायचं नाही. गोड खाल्लं की होकार झाला, मग मागे फिरता येत नाही.

वाक्वा

मुंबईपर्यंतची रेल्वे आणि पुढचं विमान यांत सांगण्यासारखं काही नाही. मॉरिशसच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्टात 'सुरत' वाचलं आणि भुवया वर केल्या. "प्लेग?" मी म्हणालो, "लास्ट इयर." तो हसला आणि शिक्का मारला. आमच्या गावाची कीर्ती आमच्या साड्यांच्या पुढे पोचली होती.

आपला जुलै हा तिथला हिवाळा. हे राजेनने कळवलं होतं, पण हिवाळा म्हणजे सुरतेचा हिवाळा असं धरून मी टेरिकॉटचे चार शर्ट घेऊन उतरलो. किनाऱ्याला ठीक होतं. पण हा देश मध्ये उंच आहे आणि कडेला उतरता, आणि राजेनचं वाक्वा गाव त्या उंचावर. तिथे दिवसभर भुरभुर पाऊस आणि हाडात शिरणारा वारा. राजेनच्या घरी पोचलो तेव्हा माझे दात वाजत होते.

घर सिमेंटचं, सपाट गच्चीचं, खिडक्यांना जाडजूड झडपा. पूर्वी पत्र्याचं होतं, ते एका वादळात उडालं, असं राजेनच्या वडिलांनी, दत्तारामांनी, दारातच सांगितलं. ते बस चालवतात. उंच, सावळे, हसरे गृहस्थ. रेडिओवर वादळाचे इशारे चढत्या क्रमाने येतात, चौथा आला की कोणी घराबाहेर पडत नाही, हेही त्यांनी कौतुकाने सांगितलं. लेकीच्या बापाला ही माहिती आल्या आल्या द्यायची नसते हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

राजेनची आई लीलाताई स्वेटरच्या कारखान्यात काम करतात. समुद्रकाठच्या देशात स्वेटर कोण घालतं, असं मला वाटलं होतं. ते सगळे युरोपात जातात. माझी दशा बघून त्यांनी कपाटातून एक निळा स्वेटर काढला.

"भाऊ, हा घाला. थंडी हाय."

कापड. मी म्हणालो, "नको, मला थंडी वाजत नाही." हे बोलताना दातावर दात आपटत होते.

मग पान वाढलं. पातळ, पिवळ्या, घडी घातलेल्या पोळ्या. कडेतून डाळीचं सारण डोकावतंय, आणि बाजूला वाटीत रस्सा. माझ्या काळजात धस्स झालं. पुरणपोळी आणि रस्सी, म्हणजे कटाची आमटी! या लोकांनी पहिल्याच जेवणाला मला बांधून टाकायचं ठरवलं होतं. दत्ताराम, लीलाताई, राजेन, तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मला गोड चालत नाही," मी म्हणालो. "साखर आहे. डायबेटिस."

लीलाताई काही सांगू बघत होत्या, पण मी ताट दूर सारलेलं बघून त्यांचा चेहरा उतरला. राजेन तर बघतच राहिला, कारण सुरतेला चंदी पडव्याच्या सणाला मी तुपातली गोड घारी कशी खातो ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्याने मला उघडं पाडलं नाही. लीलाताईंनी ते ताट उचललं, आत नेलं आणि माझ्यासाठी साधा भात आणला. त्या पोळ्यांना त्यांचा अर्धा दिवस गेला होता हे मला दुसऱ्या दिवशी राजेनकडून कळलं.

बस

माझ्या खोटेपणाची शिक्षा मला तिथल्या तिथे मिळाली. त्या देशात साखरेचा आजार घरोघरी आहे, त्यामुळे मधुमेही पाहुण्याचं काय करायचं हे सगळ्यांना पाठ. सकाळी चहा आला तो बिनसाखरेचा. शेजारीण कारल्याचा रस घेऊन आली. गिरणीत मी दुपारपर्यंत काम करायचो, तिथेही निरोप पोचला होता. बिस्किटांची बशी माझ्या पुढून मुकाट्याने सरकवली जायची. चहूकडे उसाचे तुरे डोलत होते, कारखान्यांच्या धुराड्यांतून काकवीचा वास येत होता, आणि त्या साखरेच्या बेटावर मी एकटा कडू तोंडाने फिरत होतो.

दुपारनंतर दत्तारामांच्या बसमध्ये त्यांच्या मागच्या सीटवर बसायचं, असा क्रम लागला. देश एवढासा की एका दिवसात या टोकाहून त्या टोकाला जाऊन घरी जेवायला येता येतं. सगळी माणसं मोजली तर आमच्या सुरत शहराएवढीसुद्धा भरणार नाहीत. पण त्या एका बसमध्ये तमिळ, तेलुगू, भोजपुरी, मुसलमान, चिनी, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची मुलंबाळं, सगळे एकमेकांशी क्रिओल नावाच्या तिथल्या मिश्र बोलीत बोलतात, पेपर फ्रेंचमध्ये वाचतात आणि सरकारी अर्ज इंग्रजीत भरतात. मूळचा इथला असा कोणीच नाही. मला आमची बमरोली आठवली. तिथेही खानदेश, ओरिसा, उत्तर प्रदेश असा सगळा गोळा झालेला माल, आणि भांडण गुजराती-हिंदीत.

मी बापाच्या नात्याने सगळं खोदून विचारत होतो. पाणी येतं का? रोज येतं. शाळा? फुकट. दवाखाना? तोही फुकट. मराठी? शाळेत शिकवतात, आणि गणपतीला सगळं गाव जमतं. राज्य कोणाचं? यावर आख्खी बस बोलू लागली. इंग्रज गेले, पण त्यांची राणी कागदोपत्री राहिली होती, ती तीनेक वर्षांपूर्वी काढली आणि आता आपला राष्ट्रपती. खरा कारभार पंतप्रधानाचा. एकेका मतदारसंघातून तीन-तीन जण निवडतात, आणि एखाद्या समाजाचे लोक कमी निवडून आले तर हरलेल्यांतल्या बऱ्यापैकी हरलेल्यांना खुर्ची देतात.

"हरलेल्याला खुर्ची?" मी म्हणालो.

"मग काय, पावने," दत्ताराम आरशातून बघत म्हणाले, "लहान घर हाय. कोणाला रुसून बसू देऊन कसा चालेल?"

दगड

पश्चिमेकडे उतरताना उसाच्या शेतांमध्ये काळ्या दगडांच्या राशी दिसू लागल्या. देवळाएवढ्या उंच, नीट रचलेल्या, शेताशेताला एकेक. मला वाटलं काही तरी पुरातन असेल. फेरी संपली होती, बस रिकामी होती. दत्तारामांनी गाडी कडेला घेतली आणि मला खाली उतरवलं.

"ही जमीन सगळी ज्वालामुखीची," ते म्हणाले. "ऊस लावायचा तर आधी दगड काढावा लागायचा. आमच्या पणजानं काढला. हातानं."

बारडोलीकडे आम्ही उसाच्या शेतातून किती वेळा गेलो असू. तिथली काळी माती अशी की पायाला लागायला खडा शोधावा लागेल. इथे माणसांनी आधी डोंगर वेचून बाजूला ठेवला आणि मग उरलेल्या जागेत ऊस लावला. मी एक दगड उचलून बघितला. तो ओला होता आणि मला वाटला त्यापेक्षा जड होता.

तिथेच मी तो प्रश्न विचारला, जो अमळनेरचे सोयरे मला पहिला विचारणार होते. "तुमचं मूळ आडनाव काय? कूळ, गाव?"

"आमच्या पणजाचा नाव सखाराम. उतरल्यावर तेच लिहिला, तेच आमचा आडनाव झाला," दत्ताराम म्हणाले. "त्याच्या आधीचा आम्हाला कोणी सांगितला नाय. तो परत गेलाच नाय ना. त्याच्या आयबापाला तरी काय कळला असेल, जिवंत हाय का मेला?"

ते सहज बोलून गेले. बायकोचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कोकणातल्या कुठल्या तरी बाईने विचारला होता, आणि तिला उत्तर मिळालं नव्हतं. आडनावाचं मी त्यानंतर कोणाला विचारलं नाही. सोयरे विचारतील तर 'सखाराम' म्हणून सांगेन, एवढं ठरवून टाकलं.

पोर्ट लुई

परतीच्या आदल्या दिवशी राजधानी बघायला गेलो. एका बाजूला डोंगर, एका बाजूला बंदर, मध्ये दाटीवाटीचा बाजार. दत्तारामांना सुट्टी होती. बाजाराच्या तोंडाशी सायकलवर काचेची पेटी लावून एक जण उभा होता आणि त्याच्याभोवती कचेरीतले बाबू, हमाल, शाळेच्या पोरी, सगळे रांगेत. पेटीत त्याच त्या पिवळ्या पोळ्या. गिऱ्हाईक आलं की तो दोन पोळ्या उलगडायचा, त्यावर वालाचा रस्सा आणि हिरव्या मिरचीची चटणी घालायचा आणि कागदात गुंडाळून द्यायचा.

पुरणपोळीवर मिरची? मी थबकलो. दत्तारामांनी तोवर एक गुंडाळी माझ्या हातात दिली. "खावा, पावने. साखर नाय यात. डालपुरी हाय."

मी घास घेतला. मीठ, जिरं, हळद. गुळाचा कण नाही. वाटाण्याच्या डाळीचं खारं सारण. म्हणजे तिथला वडापावच म्हणा ना. मला एवढं हसू फुटलं की मिरची घशात गेली आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. रांगेतल्या एका बाईने माझ्या पाठीवर थोपटलं. दत्ताराम घाबरले. मग बंदराजवळच्या कठड्यावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. गोडाची रीत, कापडाची रीत, आणि मला कसलाही डायबेटिस नाही हेही.

ते आधी खो खो हसले. मग हळूहळू त्यांचं हसू विरत गेलं.

"म्हंजे इतके दिवस तुमी गोड टाळला," ते म्हणाले. "म्हंजे मुलगी द्यायची का नाय, ते अजून तुमचा ठरला नाय."

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी कागदाचा बोळा केला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. "लीलेला मी नाय सांगणार," ते म्हणाले. "तुमीच सांगा."

वाक्वाचं स्वयंपाकघर

संध्याकाळी लीलाताई कामावरून आल्या आणि चहाला लागल्या. दत्ताराम आणि राजेन बाहेरच्या खोलीत बसले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल घेऊन बसलो आणि सांगून टाकलं. त्यांना हसू येईल असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. आधण उकळत राहिलं.

"घर आवडला नाय का तुमाला?" त्यांनी विचारलं.

"घर आवडलं. माणसंही आवडली." मग मला राहवलं नाही. "ज्योतीच्या आईने एक विचारलंय, त्याचं उत्तर घेतल्याशिवाय मला घरी जाता येत नाही. लेक इथे रडली तर आम्हाला कोण सांगणार?"

लीलाताईंनी गॅस बारीक केला.

"माझा माहेर कास्कावेल," त्या म्हणाल्या. "तुमी काल गेलाव ना त्या बाजूला, दगड बघितलेत, तिथंच. नकाशावर बोट ठेवलात तर माझा माहेर आणि सासर एकाच बोटाखाली येतात. लग्न झाल्यावर मी दोन वर्षं रडले. सासू कडक होती. माझा बा उसाच्या लॉरीवर बसून यायचा, विचारायचा, मुलगी कशी हाय. सासू बोलायची, खूश हाय. मी पण बोलायची, खूश हाय. तो चहा पिऊन जायचा. मरेपर्यंत त्याला कळला नाय." त्यांनी पदराने नाही, मनगटाने डोळे पुसले, कारण अंगात कारखान्याचा झगा होता. "भाऊ, लांब-जवळ असा काय नसता. सांगणारा लागतो. तुमची मुलगी रडली तर राजेन नाय सांगणार, पुरुष कोणी सांगत नाय. ती पण नाय सांगणार. मी सांगेन. माझ्यामुळे रडली तरी मीच सांगेन."

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.  

त्यांनी माझा कप वेगळा काढला, रोजच्यासारखा, आणि बिनसाखरेचा चहा गाळला.

मी म्हणालो, "विहीणबाई, त्यात साखर घाला."

चमचा त्यांच्या हातात तसाच राहिला. मग डबा उघडला. "किती?" त्यांनी विचारलं. मी दोन म्हणालो. त्यांनी किती घातली देव जाणे, काकवीसारखा गोड चहा होता तो. आत येऊन दत्तारामांनी माझा हात धरला तो सोडेचनात. राजेन दारात उभा राहून कानापर्यंत लाल झाला होता. आणि तो निळा स्वेटर मी मागून घेतला, कारण थंडी खरोखर वाजत होती.

बमरोली

घरी पोचलो तेव्हा सुरतेचा पावसाळी उकाडा होता, भिंतींना घाम सुटलेला. ज्योती पाणी घेऊन आली आणि मुद्दाम काही न विचारता भांडं घेऊन आत गेली. बायकोने बॅग उघडली. वरतीच स्वेटर होता. तिने तो उचलला, लोकर बोटांत चोळून बघितली आणि माझ्याकडे पाहिलं. कापड घेतलंय म्हणजे काय ते तिला सांगावं लागलं नाही.

"गोड खाधं?" तिने विचारलं.

"चहा पिधा. साखरना."

ती खाली बसली. स्वेटर मांडीवर होता. मग हळू आवाजात म्हणाली, "मी विचारं व्हतं त्यानं काय? ती रडनी तर कोन सांगी?"

"तिनी सासू सांगी," मी म्हणालो. "तिना तोंडनं ऐकीसन उनू."

लीलाताईंचं बोलणं मी बायकोला जसंच्या तसं सांगितलं. डोळे पुसून तिने ज्योतीला हाक मारली आणि स्वेटर तिच्या हातात दिला. पोरीने तो तिथल्या तिथे डोक्यातून घातला. बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या, कपाळावरून घाम गळत होता, पण ती काही तो काढेना. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत ती तशीच घरभर वावरत होती, आणि तिच्या आईने तिला एकदाही काढ म्हटलं नाही.